इनामगावचा हिशेब कोण देणार?

घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात, उत्तरेकडे शिरूरची पेठ आणि दक्षिणेकडे दौंडचे जंक्शन यांच्या दरम्यान, इनामगाव नावाचे एक खेडे आहे. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस हे नाव चांगले परिचयाचे आहे. १९६८ पासून १९८३ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील डॉ. सांकळिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांनी घोडनदीच्या काठची येथील टेकाडे उकरून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. आमच्या आजच्या लेखाचा विषय मात्र जमिनीवरचे इनामगाव हा आहे. आणि त्याच्याबरोबर शिरूर व दौंड तालुक्यांतील त्याच्यासारखी इतर सर्व गावे. रोजगार, प्रवास, घर आणि औषधपाणी या चार बाबतींत सरकारने रयतेस कायद्याने व ठरावाने पुष्कळ वचने दिलेली आहेत. ती किती पाळली गेली, किती राहिली, आणि राहिली ती कोणाच्या हातून राहिली, याचा हिशेब गावास कोण देतो, एवढाच प्रश्न आम्हांस विचारावयाचा आहे.

गावाच्या नावातच इनाम हा शब्द आहे, तेव्हा त्याचाच अर्थ प्रथम पाहू. इनाम म्हणजे धन्याने संतुष्ट होऊन दिलेली देणगी. ती मर्जीने मिळते आणि मर्जी फिरली म्हणजे जाते. इनाम मिळाले म्हणून मुजरा करावयाचा असतो. न मिळाले म्हणून जाब विचारण्याची सोय त्यात नसते. हक्काची गोष्ट निराळी. हक्काचे जे असते ते ठरल्या दिवशी मिळावे लागते, कमी पडल्यास कमी का म्हणून विचारता येते, आणि देणाऱ्यास उत्तर देणे भाग असते. राजेशाही गेली, वतने खालसा झाली, लोकांचे राज्य आले. परंतु सरकारी दारातील जुनी रीत अद्याप पुरती गेलेली नाही. गटाराचे काम झाले की अमुक साहेबांच्या प्रयत्नाने झाले असा फलक लागतो. घरकुलाचा हप्ता आला की कोणाची तरी कृपा झाली असे म्हटले जाते. कायद्याने जे देणे आहे ते व्यवहारात इनाम होऊन बसते, आणि जेथे इनाम आहे तेथे हिशेब मागणारा कृतघ्न ठरतो. सगळ्या रोगाचे मूळ येथे आहे, असे आमचे मत आहे.

हिशेब मागणे ही काही परदेशातून आलेली नवी टूम नाही. शिरूर आणि पूर्वीचा भीमथडी, ज्यात आजचा दौंडचा मुलूख मोडत असे, या तालुक्यांनीच हिशेबाचा एक मोठा धडा साऱ्या हिंदुस्थानास घालून दिला आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावच्या लोकांनी सावकाराशी व्यवहार तोडून त्याच्यावर बहिष्कार घातला. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवावर नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि खत. ते हाती आले की त्यांची होळी करून लोक घरी परतत. ज्या कागदावर आपला अंगठा उठलेला आहे, परंतु ज्यावर काय लिहिले आहे ते आपणास कधी कोणी वाचून दाखविले नाही, त्या कागदाविरुद्ध तो उठाव होता.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीने त्यांचे मन दुखवावे असा आमचा मुळीच हेतू नाही. त्या काळच्या सावकारांतही सचोटीचे लोक होते आणि सरकारचा सारा वसुलीचा जाच त्यांच्याही मागे होता. परंतु त्या दंग्याचा शेवट कशात झाला हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्या कायद्याने शेतकरी ऋणकोस तीन साधे हक्क दिले: भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी खात्याचा उतारा मागण्याचा, आणि देणेघेणे लिहिलेली वही आपल्याजवळ बाळगण्याचा. दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशीही तरतूद झाली. सारांश, ज्याच्या नावावर बाकी पडते त्यास ती बाकी कशी पडली हे कळले पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

आता आमचे म्हणणे इतकेच की, जे तत्त्व १८७९ साली सावकारास लागू झाले ते आज सरकारास का लागू होऊ नये? आज रयतेचा सर्वांत मोठा व्यवहार सरकारशीच आहे. ती सरकारला कर देते, जमीन देते, मत देते. सरकार तिला काम, घर, गाडी, दवाखाना देण्याचे कबूल करते. या व्यवहाराची खतावणी रयतेस दाखविली जाते काय? पावती मिळते काय? वर्षाकाठी उतारा मिळतो काय? एकेक खाते उघडून पाहू.

प्रथम रोजगाराचे खाते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची योजना हाती घेतली. वि. स. पागे यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हा त्याचा गाभा. या योजनेस पैसा लागे, म्हणून १९७५ साली शहरांतील नोकर, व्यापारी व धंदेवाले यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शिरूर, दौंड आणि पुण्याच्या पेठांतील दुकानदारांनी ध्यानात घ्यावे की, खेड्यातील मजुराच्या रोजीसाठी त्यांच्या गल्ल्यातून पैसा गेलेला आहे. म्हणजे या हिशेबात ते त्रयस्थ नाहीत, भागीदार आहेत. पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. कामाची मागणी नोंदविल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, आणि ग्रामसभेने कामांचे सामाजिक अंकेक्षण करावे, अशी त्यात कलमे होती. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि दिवसांचा आकडा शंभराचा सव्वाशे केला.

आकडा वाढला हे ठीकच. परंतु शंभर काय आणि सव्वाशे काय, मजुराने मागणी केली याची तारखेसह पावती त्याच्या हाती पडली नाही, तर पंधरा दिवस मोजावयाचे कोणत्या दिवसापासून? पावती नाही म्हणजे मागणी नाही, मागणी नाही म्हणजे विलंब नाही, आणि विलंब नाही म्हणजे भत्ता नाही. कागदावर सर्व काही स्वच्छ राहते आणि मजूर मात्र ऊसतोडीच्या किंवा वीटभट्टीच्या वाटेस लागतो. ज्या कायद्याचा प्राण एका चिठोऱ्यात आहे, त्याचे चिठोरेच न देणे म्हणजे त्या कायद्याचा गळा आवळणे होय.

रोजगाराच्या खात्यास दुसरेही एक पान आहे. पुणे-नगर सडकेवर रांजणगाव येथे आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. त्यांच्यासाठी जमिनी शेतकऱ्यांनी दिल्या. सवलती घेणाऱ्या कारखान्यांनी आपल्या कामगारांत ऐंशी टक्के स्थानिक लोक घ्यावेत, हे राज्य सरकारचे जुनेच धोरण आहे. ते धोरण शहाणपणाचे आहे की नाही, याविषयी व्यापारी वर्गात मतभेद असू शकतो. बाहेरून पोटासाठी आलेल्या मजुराचा द्वेष करणे तर आम्हांस कधीच मान्य होणार नाही. परंतु सरकारने एकदा अट घातली म्हणजे ती कितपत पाळली जाते हे दरवर्षी गावोगावच्या फलकावर लिहावयास कोणती अडचण आहे? कायम किती, कंत्राटी किती, स्थानिक किती, हे तीन आकडे लिहिल्याने कोणत्याही कारखान्याचे यंत्र बंद पडणार नाही. उलट, आकडे झाकले म्हणजेच अफवा वाढतात, आणि अफवांच्या पाठोपाठ दंडेली करणारे व खंडणी मागणारे येतात, हा अनुभव कारखानदारांस नवा नाही.

दुसरे खाते प्रवासाचे. १ जून १९४८ रोजी या प्रांतातील पहिली एस. टी. अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्यास निघाली. ती ज्या सडकेने आली तिच्यावरच शिरूर वसलेले आहे. तेव्हा लोकांच्या गाडीचा पहिला मान ज्या मुलखास मिळाला, त्या मुलखातील गावांनी आज गाडीची वाट किती पाहावी? २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एस. टी. चा प्रवास मोफत झाला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे माफ झाले. शाळकरी मुलींसाठी फुकट पासाची योजना त्यापूर्वीपासून आहे. या सवलती चांगल्या आहेत आणि त्यांचा खर्च महामंडळास भरून देण्याची जबाबदारी सरकारने पत्करलेली आहे. परंतु गाडीच आली नाही तर अर्धे तिकीट घेऊन बाईने बसावे कशात? सवलतीची घोषणा मुंबईस होते आणि फेरी रद्द होते ती गावच्या फाट्यावर. घोषणेचे छायाचित्र निघते, रद्द झालेल्या फेरीचे निघत नाही.

२०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी. कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप चालला, तेव्हा खेड्यांचे काय हाल होतात ते सर्वांनी पाहिले. परंतु संप सर्वांस दिसतो. रोजची एकेक फेरी गळत जाते ती कोणास दिसत नाही. सायंकाळची गाडी आठवड्यातून दोनदा चुकली तरी बापाचा धीर सुटतो आणि पोरीचे कॉलेज सुटते. येथे नव्याने कोणतीही माहिती गोळा करावयाची नाही. ठरलेले किलोमीटर किती आणि रद्द झालेले किती, याची नोंद प्रत्येक आगारात रोजच्या रोज होत असते. शिरूर आणि दौंड या दोन आगारांनी ती नोंद गावनिहाय मांडून महिन्यातून एकदा प्रत्येक ग्रामपंचायतीकडे पाठवावी, एवढीच आमची मागणी आहे. चालक नाहीत म्हणून फेरी रद्द झाली, गाडी नादुरुस्त म्हणून झाली, की रस्ता खराब म्हणून झाली, हे कारणही त्यात लिहावे. रस्ता खराब असेल तर तो दोष आगाराचा नव्हे, आणि मग गावाने कोणाचे दार ठोठवावयाचे तेही कळेल.

तिसरे खाते घराचे. १९८५ साली सुरू झालेली घरकुलांची योजना २०१६ पासून नव्या नावाने चालू झाली. पंचवीस चौरस मीटरचे पक्के घर, सपाट प्रदेशात एक लक्ष वीस हजार रुपयांचे साहाय्य, ते हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात, आणि लाभार्थ्यांच्या यादीस ग्रामसभेची संमती, अशी तिची रचना ठरली. ज्यास जागाच नाही त्यास जागा विकत घेण्यासाठी राज्याची स्वतंत्र योजना आहे. ही रचना कागदावर निर्दोष दिसते. परंतु बांधकाम कसे चालते हे आमच्या लोखंड-सिमेंटच्या व्यापाऱ्यांस सांगावयास नको. गरीब माणूस पहिला हप्ता आला की जुने घर पाडतो आणि जोते भरतो; दुसरा हप्ता पाहणी, छायाचित्र, मंजुरी यांपैकी कोठे तरी अडकतो; तोवर पावसाळा येतो. जुने पडलेले आणि नवे न उभारलेले, अशा दोन घरांच्या मध्ये ते कुटुंब पत्र्याखाली राहते आणि माल उधार देणाऱ्या दुकानदाराचे पैसे तुंबतात. हप्ता कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिला, हे जर गावात वाचून दाखविले गेले, तर तो एका आठवड्यात सुटेल, याविषयी आम्हांस शंका नाही. आज टेबल अनामिक आहे म्हणून त्यास लाज नाही.

चौथे खाते आरोग्याचे, आणि हे सर्वांत नाजूक. कारण येथली चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना या देशापुढे मांडली. आज मैदानी प्रदेशात पाच हजार वस्तीस एक उपकेंद्र, तीस हजार वस्तीस एक प्राथमिक केंद्र आणि एक लक्ष वीस हजार वस्तीस एक ग्रामीण रुग्णालय, असे प्रमाण मान्य झालेले आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. पण त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. उच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणात लक्ष घातले, तेव्हा रिक्त जागा किती, औषधखरेदी केव्हा, खर्च किती, हे प्रश्न सरकारास विचारले गेले. हे प्रश्न माणसे दगावल्यावर विचारावे लागतात, आधी विचारता येत नाहीत, हीच आमची खंत आहे.

आधी विचारता येतात, हे पुणे जिल्ह्यानेच दाखवून दिलेले आहे. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकांच्या देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, आणि त्या पाचांत पुणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राची व प्राथमिक केंद्राची स्वतः पाहणी करावी, चांगले, मध्यम व वाईट असे शेरे मारून गावचे प्रगतिपत्रक तयार करावे, आणि जनसुनवाईत डॉक्टरांनी व अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तरे द्यावीत, अशी त्याची पद्धत होती. ज्याने शाळेत कधी प्रगतिपत्रक पाहिले नाही अशा माणसाने सरकारी खात्यास शेरा द्यावा, यात काहींना विपरीत वाटेल. आम्हांस त्यात लोकशाहीचा खरा धडा दिसतो. पुष्कळदा डॉक्टरही या सुनावणीत आपले गाऱ्हाणे मांडतात: जागा रिकाम्या आहेत, औषध वरूनच येत नाही, राहावयास घर नाही. म्हणजे हिशेब मागितल्याने प्रामाणिक नोकराचे नुकसान होत नाही. त्याची अडचण वरपर्यंत पोचवणारा आवाज त्यास मिळतो.

कोणी म्हणतील, कायदे तर आहेतच, मग तक्रार कसली? कायदे आहेत, हे खरे. शिरूरला लागूनच असलेल्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांनी महाराष्ट्राच्या माहिती अधिकाराच्या कायद्यासाठी २००३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले. २००५ च्या १२ ऑक्टोबरपासून केंद्राचा कायदा साऱ्या देशात पूर्णपणे लागू झाला. कोणतीही धारिका सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर पडून राहू नये, असे राज्याच्या २००५ च्या विलंब-प्रतिबंधक अधिनियमात लिहिलेले आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठराविक मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. शस्त्रागार भरलेले आहे. परंतु ही सर्व शस्त्रे एकट्या माणसाने उचलावयाची आहेत. अर्ज त्याने करावा, पहिले अपील त्याने करावे, दुसरे अपील त्याने करावे, तालुक्यास हेलपाटे त्याने घालावेत, आणि ज्या कारकुनाविरुद्ध अपील केले त्याच्याच टेबलासमोर उद्या दाखल्यासाठी पुन्हा उभे राहावे. रोज बुडवून अपील करणारा मजूर आम्ही तरी फारसा पाहिलेला नाही. एकट्याचा हक्क हा दुबळ्याच्या हाती पुष्कळदा कागदाचाच राहतो. तो गावाचा झाला म्हणजे त्यास वजन येते.

त्यातही गावाच्या वतीने विचारणारे जे कोणी असावयाचे, तेच काही वर्षे जाग्यावर नव्हते. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या त्या खेड्याच्या कारभारावर लोकनियुक्तांची नजर असावी म्हणून. परंतु मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि निवडणूक न होता कारभार प्रशासकाच्या हाती गेला. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याविषयी आदेश द्यावा लागला. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याच्या शाळा, रस्ते आणि दवाखाने यांच्या पैशाविषयी प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला सभासद सभागृहात नव्हता. प्रशासक सज्जन होते की नव्हते हा मुद्दाच नाही. पेढीचा गुमास्ता कितीही इमानी असला तरी मालकाने तीन वर्षे वही पाहूच नये, अशी व्यवस्था कोणता व्यापारी पत्करील?

आक्षेप आणखीही निघतील. पहिला असा की, ही सर्व माहिती आता संगणकावर आहे, ज्याला हवी त्याने पाहावी. १८७५ पूर्वी सावकाराची वहीही दुकानातच होती. ज्याला वाचता येत होते त्याने पाहावी! माहिती कोठे तरी असणे आणि ती ज्याची त्यास कळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. माहिती अधिकाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमातच म्हटले आहे की, सरकारी कचेऱ्यांनी माहिती आपण होऊन, स्थानिक भाषेत, आणि सूचनाफलकासारख्या लोकांस सहज दिसणाऱ्या साधनांनी प्रसिद्ध करावी. म्हणजे चावडीवरचा फलक ही आमची हौस नसून कायद्याची आज्ञा आहे.

दुसरा आक्षेप, गावकऱ्यांस हिशेबातले काय कळते? ज्या शेतकऱ्यास उसाच्या टनाचा भाव, कापलेली रक्कम आणि राहिलेला हप्ता तोंडपाठ असतो, त्यास घरकुलाचे तीन हप्ते मोजता येणार नाहीत, हे म्हणणे हास्यास्पद आहे. तिसरा आक्षेप अधिक खरा आहे: सरकारजवळ पैसा कमी आणि मागण्या फार. असेल. परंतु पैसा नसल्याचेही सांगावे लागते. दिवाळखोर व्यापारीसुद्धा धनकोंस बोलावून ताळेबंद दाखवितो; तो न दाखवता दुकानाच्या फळ्या लावून बसतो त्यास आपण लबाड म्हणतो. चारांपैकी दोनच फेऱ्या देता येतील, असे आगाराने उघड सांगितले तर गाव आपल्या शाळेच्या वेळेशी त्या जुळवून तरी घेईल.

येथे जमिनीखालच्या इनामगावाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या प्राचीन वस्तीत पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याच्या लगतच धान्याचे कोठार. घर गावच्या मुख्याचे असावे, लोकांकडून जमा झालेले धान्य त्या कोठारात साठविले जात असावे आणि अडचणीच्या काळात वाटले जात असावे, असे उत्खनन करणाऱ्यांनी अनुमान केले आहे. नदीचे पाणी वळवून साठविण्याची व्यवस्थाही तेथे आढळली. पुढे दुष्काळी काळ आला, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी सुमारे सातशेच्या सुमारास वस्ती उठली. त्या कोठाराच्या मुख्याने लोकांस हिशेब दिला की नाही, हे माती सांगत नाही. परंतु ज्याच्या अंगणात सर्वांचे कोठार असते, त्याच्याकडे दुष्काळात सर्वांचे डोळे लागतात, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आताही आहे.

तेव्हा करावे काय? आमची सूचना अगदी साधी आहे. ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा भरवावयाचीच असते. त्या प्रत्येक सभेत पुढील चार खात्यांचा उतारा वाचला जावा, आणि सभेपूर्वी आठ दिवस तो चावडीवर लावला जावा. रोजगार: किती जणांनी काम मागितले, किती जणांस पावती मिळाली, किती जणांस मुदतीत काम मिळाले. प्रवास: ठरलेल्या फेऱ्या किती, रद्द किती, कोणत्या कारणाने. घर: मंजूर किती, पूर्ण किती, कोणाचा हप्ता कोणत्या कचेरीत कोणत्या तारखेपासून थांबला. आरोग्य: मंजूर जागा किती, भरलेल्या किती, मुख्य औषधांपैकी कोणती शिल्लक नाहीत. उताऱ्याखाली अधिकाऱ्याची सही, हुद्दा आणि तारीख असावी. मागील सभेत जी बाकी निघाली तिचे काय झाले, हे पुढील सभेत प्रथम सांगावे. यास नवा कायदा नको, नवे खाते नको, मोठा खर्चही नको. जिल्हाधिकारी व जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी मनावर घेतले तर एका परिपत्रकाने हे काम सुरू होईल. आणि सुरुवात शिरूर-दौंडच्या पट्ट्यातून व्हावी, कारण पावती आणि उतारा यांचा हक्क मिळवून देणारी चळवळ याच मातीतून निघाली.

आता दोन शब्द आमच्या शहरवासी वाचकांसाठी. खेड्यातील माणूस हिशेब मागत नाही याचे एक कारण आपणही आहोत. आपले काम अडले की आपण ओळख शोधतो, चिठ्ठी मिळवितो, कोणा पुढाऱ्याचा दूरध्वनी लावून घेतो. काम होते आणि आपण मोकळे होतो. रांग मात्र तेथेच राहते. वशिल्याने सुटलेले प्रत्येक काम रांगेतील माणसाचा हक्क थोडा कमी करते, हे आपण विसरतो. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा शहरातील शिकलेल्या लोकांनी खेड्याखेड्यांतील सारा, पीक व कर्ज यांची माहिती जमवून ती सरकारपुढे मांडण्याचे काम अंगावर घेतले होते. ते काम आज करण्यास शिरूरचे व दौंडचे व्यापारी अधिक लायक आहेत. कारण वही लिहिणे, बाकी काढणे आणि ताळा जमविणे ही त्यांची रोजची विद्या. प्रत्येक बाजारपेठेतील दोन-चार जाणत्या मंडळींनी आसपासच्या एकेका गावाच्या ग्रामसभेस जाऊन तेथील तरुणांस व बचतगटांतील स्त्रियांस हा उतारा तपासावयास शिकवावे. ग्राहक उभा राहिला तर पेठ उभी राहते. ज्या गावात मजुरी वेळेवर मिळते, घराचे काम अडत नाही, गाडी ठरल्या वेळी येते आणि आजारात घरदार विकावे लागत नाही, त्याच गावाचा पैसा बाजारात येतो, हे व्यापाऱ्यास अन्य कोणी शिकवावयास नको.

सरकारी अंमलदारांस आमची विनंती आहे की, त्यांनी यात शत्रुत्व पाहू नये. हिशेब देणारा माणूस लहान होत नाही. ज्याचा हिशेब स्वच्छ आहे त्याची पत वाढते. आणि लोकप्रतिनिधींस आमचे सांगणे आहे की, कोनशिलेवर आपले नाव असावे असे वाटत असेल तर चावडीवरच्या बाकीच्या उताऱ्यावरही ते असावयास हरकत नसावी. उद्घाटनाचे श्रेय घ्यावयाचे आणि थकबाकीचे उत्तर कारकुनाने द्यावयाचे, ही वाटणी न्यायाची नाही.

दिवाळीस आपल्या पेठांतून नव्या वह्यांची पूजा होते. जुन्या वहीची बाकी नव्या वहीत ओढल्यावाचून कोणी पहिली ओळ लिहीत नाही. सरकार मात्र दरवर्षी नव्या घोषणेची कोरी वही उघडते आणि जुन्या वहीची बाकी कोठे गेली हे कोणी विचारीत नाही. येत्या ग्रामसभेत इनामगावच्या, आणि घोड-भीमेच्या काठच्या प्रत्येक गावच्या, लोकांनी उभे राहून एवढेच म्हणावे: मागील बाकी प्रथम वाचा.